घराचा नकाशा आणि नकाशातले घर

लहान भूखंडांवरील बांधकाम परवानगी २०२० च्या नियमावलीने सोपी केली. पण कार्यालयाने तपासणी कमी केली, म्हणजे जबाबदारी नाहीशी झाली असे नाही. ती नकाशावर सही करणाऱ्याकडे आणि घरमालकाकडे सरकली. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावात या बदलाचा अर्थ अद्याप पुरता उमगलेला नाही.

घर बांधावयास निघालेल्या माणसाला मुहूर्त, सिमेंटचा भाव आणि गवंड्याची मजुरी यांची जितकी काळजी असते, तितकी नकाशाची नसते. नकाशा हे त्याच्या लेखी नगरपरिषदेत देण्याचे एक कागदपत्र. तालुक्याच्या कोणत्याही गावी ‘प्लॅन, इस्टिमेट व बांधकाम परवानगी’ अशी पाटी लावलेले कार्यालय सापडते. तेथे सातबाऱ्याचा वा खरेदीखताचा उतारा द्यावा, ठरलेली रक्कम मोजावी आणि काही दिवसांनी सह्या करण्यापुरते जाऊन यावे, एवढाच बहुतेकांचा नकाशाशी संबंध. मग घर बांधले जाते ते मिस्त्रीच्या अंदाजाने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या इच्छेने. मंजूर नकाशा एका फायलीत राहतो आणि घर जमिनीवर उभे राहते. दोघांची पुन्हा गाठ पडते ती बहुधा अडचणीच्या वेळी : बँकेचा मूल्यांकनकार दारात येतो तेव्हा, भावाभावांत वाटणी होते तेव्हा, शेजारी तक्रार करतो तेव्हा किंवा रस्ता रुंद करावयाचा असतो तेव्हा.

येवल्याचे उदाहरण घेण्याचे कारण हे, की या एका गावात नकाशाचे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी उभे आहेत. एकीकडे पैठणीच्या मागांचा आवाज येणारे दाट वस्तीचे जुने गावठाण, अरुंद बोळ आणि सामाईक भिंतींची घरे. दुसरीकडे मनमाड-अहिल्यानगर आणि नाशिक-छत्रपती संभाजीनगर या दोन हमरस्त्यांच्या आधाराने शेतांत पसरत जाणाऱ्या नव्या वसाहती. जुन्या गावात घर आधी होते आणि नकाशा नंतर आला. नव्या वसाहतीत नकाशा आधी हवा, पण बरेचदा प्लॉट आधी विकला जातो. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची स्थिती याहून वेगळी नाही.

साठ दिवसांची आशा

जमिनीवर काय बांधावे हे मालकाने एकट्याने ठरवू नये, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई प्रांतात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. सध्याचा कारभार चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याअन्वये. त्यातील कलम ४४ नुसार नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे येवल्यात नगरपरिषदेकडे, अर्ज करावा लागतो आणि कलम ४५ नुसार परवानगी दिली वा नाकारली जाते. साठ दिवसांत काहीच कळविले नाही, तर परवानगी मिळाली असे मानावे, अशीही तरतूद आहे. ही ‘मानीव परवानगी’ अनेकांना मोठा दिलासा वाटते. परंतु तिच्यातील अट क्वचितच कोणी वाचतो. प्रस्ताव विकास आराखड्याशी आणि नियमावलीशी काटेकोरपणे सुसंगत असेल, तरच ती परवानगी मानावयाची आहे. नकाशाच चुकीचा असेल, तर साठ दिवस उलटल्याने तो बरोबर ठरत नाही.

म्हणजे कायद्याचा सारा डोलारा उभा आहे तो नकाशाच्या खरेपणावर. परवानगीची मुदत एक वर्ष असते व ती मर्यादित वेळा वाढवून घेता येते. खोटी माहिती देऊन मिळविलेली परवानगी रद्द होऊ शकते आणि विनापरवाना बांधकामाला कलम ५३ अन्वये नोटीस देऊन ते पाडता येते. एवढी कठोर कलमे असूनही गावोगावी अनधिकृत बांधकामे का वाढली, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते नकाशा तयार होण्याच्या पद्धतीत आहे.

डिसेंबर २०२० मध्ये काय बदलले?

पूर्वी महानगरपालिकांच्या स्वतंत्र नियमावल्या होत्या आणि नगरपरिषदांसाठी वेगळी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. साहजिकच, येवल्याच्या घरालाही आता नाशिक वा पुण्याच्या घराचेच नियमपुस्तक लागते.

या नियमावलीने लहान घरांसाठी जोखमीनुसार वर्गवारी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, पात्र तांत्रिक व्यक्तीने सही केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरले, की ती पावतीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी द्यावयाची. लालफितीच्या कारभाराला कंटाळलेल्या सामान्य माणसाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होता, यात शंका नाही. एका खोलीवर दुसरी खोली चढविण्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावयास लावणारी पद्धत भ्रष्टाचारालाच आमंत्रण देत होती.

तथापि या सुलभतेची दुसरी बाजू नीट समजून घेतली पाहिजे. पूर्वी नकाशा अभियंत्याच्या टेबलावर तपासला जाई, निदान तशी अपेक्षा असे. आता लहान भूखंडाच्या बाबतीत तो आधी तपासला जाईलच असे नाही. चूक राहिली, तर ती कोणी वेळीच दाखवून देणार नाही. ती उघड होईल तेव्हा घर उभे असेल, पैसा खर्च झालेला असेल आणि जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात दोन सह्यांच्या रूपाने लिहिलेले असेल. त्यातली एक सही तांत्रिक व्यक्तीची आणि दुसरी मालकाची.

दीड गुंठ्याचे गणित

परवानगीच्या नकाशावर क्षेत्रफळाचा एक तक्ता असतो. त्याच्या पहिल्याच ओळीत भूखंडाचे क्षेत्र तीन प्रकारे लिहावयाचे असते : मालकीच्या कागदानुसार, मोजणी नकाशानुसार आणि प्रत्यक्ष जागेवर. या तिन्हींपैकी जो आकडा सर्वांत कमी, तो पुढच्या साऱ्या हिशेबासाठी धरावयाचा. सगळ्या नकाशात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच ओळ सर्वांत निष्काळजीपणे भरली जाते. सातबाऱ्यावरचा वा मिळकत पत्रिकेवरचा आकडा तिन्ही ठिकाणी उतरविला, की काम झाले असे मानणारे अनेक आहेत.

यात बिघडते काय, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. आपल्याकडे प्लॉट गुंठ्याने घेतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठा झाला १५१.७५ चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे दीड गुंठ्याचा प्लॉट पावतीवर परवानगी मिळण्याच्या मर्यादेच्या जेमतेम पावणेदोन चौरस मीटरने बाहेर पडतो. जागेवर मोजताना तो १४८ भरला, तर चित्र वेगळे. १५४ भरला तर वेगळे. त्यातून मग क्षेत्र ‘बसवून’ घेण्याचा मोह होतो. आज कागदावर दोन मीटर कमी-जास्त केल्याने कोणाचे काही बिघडत नाही असे वाटते. उद्या शेजाऱ्याने हद्द कायम करण्याची मोजणी आणली, की तेच दोन मीटर कुंपणाची भिंत कोणाच्या जागेत आहे हे ठरवतात.

म्हणून नकाशाची सुरुवात संगणकावर वा रेखाटनाच्या फळीवर होत नाही. ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीपासून होते. मोजणीची ‘क’ प्रत हातात नसताना काढलेला जागेचा नकाशा हे एक अंदाजचित्र असते. जुन्या खरेदीखतांत जागेचे वर्णन चतु:सीमेने केलेले असते : पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक बोळ, दक्षिणेस तमक्याचा परडा. ती घरे विकली गेली, परड्यावर इमारती आल्या आणि बोळाचा निम्मा भाग कोणाच्या तरी पायरीने गिळला, तरी खरेदीखत जुनीच चतु:सीमा सांगत राहते. तिचे मीटरमध्ये भाषांतर करण्याचे काम मोजणीदाराचे आहे. ते त्यानेच करावयास हवे. नकाशा काढणाऱ्याने ते कल्पनेने करू नये.

दीड मिलिमीटरची रेघ

परवानगीच्या नकाशाची एक ठरलेली भाषा आहे. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेने, अस्तित्वातील रस्ता हिरव्या रंगाने, पाडावयाचे जुने बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी आणि नवे बांधकाम तांबड्या रंगाने दाखवावयाचे. मजल्यांचे नकाशे सर्वसाधारणपणे १:१०० या प्रमाणात, म्हणजे जमिनीवरील एक मीटर कागदावर एक सेंटिमीटर. लहान जागेच्या सर्वसाधारण नकाशासाठी १:५०० हे प्रमाण वापरतात. तेथे एक मीटर केवळ दोन मिलिमीटरचा होतो. उत्तर दिशा, लगतच्या रस्त्याची रुंदी, सोडावयाची सामासिक अंतरे, शौचालय, सांडपाण्याची वाट, विहीर वा कूपनलिका, झाडे हे सारे त्यावर यावे लागते. भूखंड लोहमार्गाच्या हद्दीपासून तीस मीटरच्या आत असेल, तर रेल्वेचे ना हरकत पत्र लागते. दौंड-मनमाड मार्ग येवल्यातून जातो, हे लक्षात घेता येथे ही अट केवळ पुस्तकी नाही. हमरस्त्यालगतच्या भूखंडात इमारत रेषा व नियंत्रण रेषा दाखवावी लागते. नाला वा ओढा जात असेल, तर तो आज कोरडा आहे या सबबीवर गाळता येत नाही. अवर्षणाच्या तालुक्यात ओढे वर्षातले बहुतेक दिवस कोरडेच असतात. पण एका रात्रीच्या पावसात ते आपली जुनी वाट शोधतात.

गावठाणात तर एकेक रेघ महत्त्वाची ठरते. साडेचार मीटरपेक्षा अरुंद बोळालगत बांधावयाचे असेल, तर बोळाच्या मध्यापासून सव्वादोन मीटर अंतर सोडावे लागते. समजा, बोळ तीन मीटरचा आहे. मध्यापासून दीड मीटर बोळातच जातो. उरलेला पाऊण मीटर मालकाने आपल्या जागेतून सोडावयाचा. पाच मीटर दर्शनी रुंदीच्या घराला हे क्षेत्र होते पावणेचार चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट. दाट वस्तीत ४० चौरस फूट म्हणजे एक स्वयंपाकाचा कोपरा. साहजिकच मालकाचा जीव तुटतो. नकाशात अंतर सोडलेले दिसते आणि प्रत्यक्षात जुन्याच पायावर भिंत चढते. १:५०० च्या नकाशात हा पाऊण मीटर अवघा दीड मिलिमीटर असतो. कागदावर तो एका जाड रेघेत झाकून जातो. पण आग लागली आणि बंब आत शिरेना, की त्याच दीड मिलिमीटरची किंमत सगळ्या आळीला मोजावी लागते.

या नियमामागचा हेतू स्पष्ट आहे. एकेक घर नव्याने बांधले जाईल तसतसा बोळ दोन्ही बाजूंनी थोडा थोडा रुंद व्हावा. परंतु दहापैकी दोनच घरांनी जागा सोडली, तर बोळ रुंद होत नाही. फक्त प्रामाणिक माणसाचे नुकसान होते. नियम पाळणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागले, की नियमाचा पाया खचतो. म्हणून गावठाणासाठी घरागणिक नव्हे, आळीगणिक विचार व्हावयास हवा.

‘हॉल’ नावाच्या खोलीतील माग

येवल्याच्या गावठाणाचा आणखी एक विशेष आहे आणि त्याची दखल कोणताही छापील तक्ता घेत नाही. येथील पैठणी पुष्कळशी घरातच विणली जाते. पारंपरिक मागावर विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्याला तळमजला लागतो, ओल न येणारी जमीन लागते, मागाच्या लांबीएवढी खोली आणि दिवसभर पुरेल असा बाजूचा उजेड लागतो. जुन्या खणांच्या घरांत या गरजा बांधणीतच सामावलेल्या असत. आता जुने घर पाडून सिमेंटचे बांधताना नकाशावर त्या जागी ‘हॉल’ असे लिहिले जाते. सोफ्यासाठी आखलेल्या त्या खोलीत माग बसविला, की खिडकी चुकीच्या भिंतीला येते, पायाची तुळई नेमकी खड्ड्याच्या जागी येते आणि विणकराला दिवसाही दिवा लावून काम करावे लागते.

निवासी विभागात घरगुती उद्योगाला नियमावलीत काही मर्यादेत वाव आहे. तेव्हा माग लपविण्याचे कारण नाही. तो नकाशात खुशाल दाखवावा, त्याच्या खड्ड्याची खोली छेदचित्रात द्यावी, त्याप्रमाणे पाया आखावा. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. वस्त्राचे नाव आपण जपले. ते जेथे विणले जाते त्या खोलीला मात्र अजून नकाशात नाव नाही. परवानगीसाठी नकाशा काढावयाचा की राहणाऱ्यासाठी, हा प्रश्न येथे सर्वांत ठळकपणे समोर येतो. दोन्ही एकाच नकाशात साधणे अशक्य नाही. फक्त काढणाऱ्याने एकदा त्या घरात जाऊन बसले पाहिजे.

आधी प्लॉट, मग रेखांकन

गावाबाहेरच्या नव्या वसाहतींचे दुखणे वेगळे आहे. तेथे प्रश्न एका घराच्या नकाशाचा नसून संपूर्ण जमिनीच्या रेखांकनाचा आहे. नियमानुसार ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, वा त्याहून मोठ्या क्षेत्राचे रेखांकन करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. अंतर्गत रस्ते ठरलेल्या रुंदीचे ठेवावे लागतात, पाण्याचा निचरा दाखवावा लागतो. हे सारे सोडल्यावर विकावयास उरणारी जमीन कमी होते. त्यामुळे शेताचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून, सहा-सात फुटांची वाट ठेवून, कच्च्या आराखड्यावर विक्री करण्याची पद्धत पडली. घेणाऱ्याला स्वस्त मिळते, विकणाऱ्याला जास्त मिळते. आणि रस्ता, गटार, पाणी यांचा खर्च कालांतराने नगरपरिषदेच्या, अर्थात सर्वांच्या माथी येतो.

या प्रश्नावर शासनाचे धोरण वेळोवेळी कडक आणि वेळोवेळी मवाळ होत आले आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. जुलै २०२१ मध्ये एका परिपत्रकाने रेखांकन मंजूर नसलेल्या तुकड्यांची दस्त नोंदणी रोखली गेली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२-क घालून डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना शुल्क घेऊन अभय देण्याची वाट काढण्यात आली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधिमंडळात नागरी भागातील लहान तुकड्यांना मान्यता देण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी त्यासाठी अध्यादेशही निघाला.

ज्यांनी आयुष्याची पुंजी गुंठाभर जमिनीत घातली, त्यांना कायदेशीर मालकी मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण कागद नियमित झाल्याने वाट रुंद होत नाही आणि पाया भक्कम होत नाही. तुर्कस्तानने २०१८ मध्ये अशाच प्रकारे विनापरवाना इमारतींना शुल्क घेऊन सरसकट अभय दिले होते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा त्या अभयाची आठवण सगळ्या जगाने काढली. आपल्याकडे नियमितीकरणाचा अर्ज येईल तेव्हा निदान त्या घराचा प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेला खरा नकाशा आणि संरचना अभियंत्याचा दाखला घेतला, तरी नियमितीकरण केवळ महसूलवसुली ठरणार नाही.

कपाटाने शिकविलेला धडा

नकाशा आणि वास्तव यांतील अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. नाशिक महापालिका क्षेत्रात २०१५ च्या सुमारास ‘कपाटाचा प्रश्न’ गाजला. नकाशात भिंतीबाहेर दाखविलेली कपाटे चटईक्षेत्रात धरली जात नसत. प्रत्यक्षात ती खोलीतच मिसळून टाकली जात. महापालिकेने यावर बोट ठेवले आणि हजारो सदनिकांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. विकासकांचे नुकसान झाले ते झालेच. पण कर्जाचे हप्ते चालू आणि घराचा दाखला नाही, अशी कोंडी झाली ती सदनिका घेणाऱ्यांची. त्यांनी नकाशा कधी पाहिलाही नव्हता. २०२० च्या नियमावलीत बांधकामाची बाह्य कड दाखविणारी ‘पी-रेषा’ आणून कपाट, सज्जा यांचा वेगळा हिशेब बंद करण्यात आला. कपाटाचा प्रश्न निकालात निघाला. खोलीला नकाशात एक नाव देऊन दुसराच वापर करण्याची वृत्ती मात्र तशी जाणारी नाही. वाहनतळ दाखवून दुकान, गच्ची दाखवून खोली आणि जिन्याखाली शौचालय, हे प्रकार सर्वत्र दिसतात.

याहून गंभीर प्रकार कल्याण-डोंबिवलीत उघडकीस आला. बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. पैसे गेले ते घर घेणाऱ्या कुटुंबांचे. लहान गावांत तर रेराचेही छत्र सर्वांवर नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील अथवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावी होणारे बहुसंख्य बांधकाम याच मापाचे असते.

आणि जेथे नकाशा मंजूर असतो, तेथेही निश्चिंत राहता येत नाही. रायगड जिल्ह्यातील महाड हे येवल्यासारखेच नगरपरिषदेचे गाव. २४ ऑगस्ट २०२० रोजी तेथील तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा दाखल झाला तो बांधणाऱ्यासह वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर. नकाशावरील सही ही शोभेची नसते, हे त्या दिवशी कळले. कळण्याची किंमत फार मोठी होती.

करावयास काय हवे?

यावर उपाय म्हणून पुन्हा जुन्या परवानाराजकडे जावे, असे कोणी म्हणणार नाही. लहान घरांसाठीची सुलभ पद्धत टिकलीच पाहिजे. ती टिकावी यासाठीच काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात.

पहिली गोष्ट मोजणीची. दहा दिवसांत परवानगी आणि त्याआधी मोजणीसाठी महिनोन्‌महिने प्रतीक्षा, हे गणित जुळत नाही. मोजणी वेळेत मिळाली नाही, की अंदाजाचे नकाशे निघणारच. घरबांधणीसाठीच्या मोजणीला स्वतंत्र आणि बांधील मुदत हवी.

दुसरी गोष्ट उघडेपणाची. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे, की मंजूर नकाशा बांधकाम चालू असेपर्यंत जागेवर लावलेला असावा आणि वीज, पाणी, गटार यांची जोडणी पूर्णत्वाचा दाखला पाहूनच द्यावी. कर्ज देतानाही बँकांनी तो पाहावा. नगरपरिषदेने हा निकाल काटेकोर अमलात आणला, तर निम्मी फसवणूक आपोआप थांबेल. शेजाऱ्याला नकाशा दिसला, की तपासणीस वेगळा नेमावा लागत नाही. त्यासाठी नकाशावरील मजकूर मराठीत असावा, हेही ओघाने आले. ज्याच्यावर मालकाची सही आहे तो कागद मालकाला वाचता येऊ नये, ही गोष्ट शोभादायक नाही.

तिसरी गोष्ट तपासणीची. आधीची तपासणी कमी केली असेल, तर नंतरची वाढली पाहिजे. पावतीवर परवानगी मिळालेल्या घरांपैकी काही घरे अचानक निवडून त्यांचे जोते मोजावे. चूक जोत्यावर सापडली तर ती दुरुस्त करता येते; स्लॅब पडल्यावर सापडली तर फक्त वाद होतो. खोट्या नकाशावर सही करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीचा परवाना जाईल, अशी एक-दोन उदाहरणे घडली, तरी पुष्कळ काम होईल.

चौथी गोष्ट गावठाणाची. अरुंद बोळ, सामाईक भिंती आणि घरातले माग यांचा विचार करणारा आळीवार आराखडा नगरपरिषदेने, विणकरांना आणि रहिवाशांना सोबत घेऊन, तयार करावा. कोणी किती जागा सोडावयाची हे आधीच कागदावर असेल, तर प्रत्येक घरमालकाला आपल्यापुरतेच भांडावे लागणार नाही.

आणि शेवटची गोष्ट मालकाची स्वत:ची. घरपट्टी लागली म्हणजे घर अधिकृत झाले, हा समज सोडून द्यावयास हवा. करआकारणी ही परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामावरही शास्तीसह कर लागतो. नकाशावर सही करण्यापूर्वी मालकाने तीन गोष्टी स्वत: पाहाव्यात. तक्त्यातील तीन क्षेत्रे खरोखर तीन ठिकाणांहून आली आहेत काय? समोरच्या रस्त्याची लिहिलेली रुंदी फितीने मोजली असता तेवढीच भरते काय? आणि नकाशात जी खोली जेथे आहे, ती आपण खरोखरच तेथे बांधणार आहोत काय? हे समजावयास अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही. एक फीत, एक रविवारची सकाळ आणि शेजाऱ्याची सोबत पुरते.

पैठणी विणणारा कारागीर पहिला धागा घालण्यापूर्वी ताणा मोजून घेतो. तेथे चूक राहिली, तर काठ शेवटपर्यंत सरळ येत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याच गावातील घरांच्या नकाशांना हा साधा नियम लावावयाचा आहे. परवानगी पावतीवर मिळू लागली, ही चांगली गोष्ट आहे. घर मात्र पावतीवर उभे राहत नाही. ते मोजलेल्या जमिनीवरच उभे करावे लागते.